नायजेरियात माणसे नेमकी किती? आणि मोजायला कुणीच का धजावत नाही?

इकेजाकर

गेली काही वर्षे दक्षिण नायजेरियातल्या लागोसला असतो, औषध वितरणाच्या धंद्यात. दर वर्षी मुंबईच्या ऑफिसातून एक तक्ता येतो: राज्याचे नाव, लोकसंख्या, पाच वर्षांखालची मुले, अपेक्षित खप. मुंबईतल्या माणसाला वाटते लोकसंख्येचा रकाना सगळ्यात सोपा, कुठूनतरी बघून भरून टाकायचा. इथे तोच सगळ्यात अवघड. उत्तरेतल्या कानो राज्यापुढे ९४ लाख लिहायचे की दीड कोटी? दोन्ही आकडे सरकारीच आहेत. पहिला २००६ चा, दुसरा त्यालाच व्याज लावून काढलेला.

नायजेरियाची शेवटची शिरगणती मार्च २००६ मध्ये झाली. आकडा आला १४ कोटी ४ लाख. त्यानंतर आजतागायत मोजणी नाही. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज २३ कोटी २० लाखांच्या आसपास आहे. म्हणजे मधल्या नऊ कोटी माणसांना कुणी दारात जाऊन पाहिलेले नाही.

याचे कारण आळस किंवा पैशाची चणचण एवढेच नाही. इथे डोकी मोजणे हा पहिल्यापासून पैशाचा आणि सत्तेचा मामला आहे. गंमत म्हणजे खोटे बोलण्याची दिशा मध्येच उलटली. इंग्रजांच्या काळात मोजणी म्हणजे पट्टी, म्हणून लोक लपायचे. १९२९ च्या नोव्हेंबरात आग्नेय भागातल्या ओलोको गावी मोजणीवाला न्वान्येरुवा नावाच्या बाईला म्हणाला, घरातली माणसे, शेळ्या, मेंढ्या मोजून सांग. तिने उलट विचारले, तुझ्या विधवा आईला मोजले का? पुरुषांची गणती झाली आणि मागोमाग डोईपट्टी आली हे सगळ्यांनी पाहिलेले होते. आता बायकांची पाळी, असे समजून त्या भागातल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. गोळीबारात पन्नासाहून अधिक बायका मेल्या. १९३१ ची गणना त्या भागात धड झालीच नाही. उत्तरेत तेव्हा टोळधाड होती, तिथेही तीच गत.

१९६० ला स्वातंत्र्य मिळाले आणि चित्र फिरले. आता डोकी म्हणजे संसदेतल्या जागा. १९६२ च्या मोजणीत आधी उत्तर भागाची लोकसंख्या दक्षिणेपेक्षा थोडी कमी निघाली. मग 'पडताळणी' झाली आणि उत्तरेत ८५ लाख माणसे नव्याने सापडली! ती गणना रद्द करून १९६३ मध्ये पुन्हा मोजले, तेव्हा देशाचा आकडा ५ कोटी ५७ लाखांवर गेला आणि उत्तर निम्म्याहून जास्त ठरली. पूर्व भागाने तो कधीच मनापासून मानला नाही. १९६७ ला बियाफ्राचे युद्ध (पूर्व भाग वेगळा देश व्हायला निघाला ते) पेटले त्यामागच्या अनेक खुन्नसांपैकी ही एक. १९७३ मध्ये पुन्हा मोजले, आकडा इतका फुगला की १९७५ मध्ये लष्करी सरकारने तो सरळ केराच्या टोपलीत टाकला आणि कारभार १९६३ च्याच आकड्यावर चालू ठेवला.

१९९१ ला लष्करी राजवटीतच पुन्हा गणना झाली. सगळे जग ११-१२ कोटी धरून बसले होते, निघाले ८ कोटी ९० लाख. मग २००६. आणि मग काहीच नाही. २०२३ ची गणना मार्चवरून मे महिन्यावर ढकलली, आणि मे उजाडायच्या आत बेमुदत लांबणीवर टाकली.

हे इथे कुणाला रोचक वाटेल का माहीत नाही, पण आपल्याकडेही २०२१ ची जनगणना लांबलेली आहे, म्हणून टाकतोय.

---

पावशेर

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सावकाश वाचतो.

---

गणिती खविस

धागा आवडला. तुमचे आकडे घेऊन जरा पेन्सिल चालवली.

१९५२-५३ ला इंग्रजांनी मोजले तेव्हा ३ कोटींच्या जरा वर होते. १९६३ ला ५.५७ कोटी. म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. माणसांची प्रजा नैसर्गिकरीत्या या वेगाने वाढत नाही. भारताची सगळ्यात वेगवान दशकेही सव्वादोन टक्क्यांच्या पुढे गेली नाहीत.

पुढे १९६३ ते १९९१: ५.५७ वरून ८.९ कोटी. वर्षाला १.७ टक्के. बाईमागे सहा-सहा मुले होणाऱ्या देशात हे फारच कमी आहे. आणि १९९१ ते २००६: ३.२ टक्के. जननदर हळूहळू खाली येत असताना वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट?

तिन्ही दर एकमेकांशी जुळत नाहीत, पण एक गोष्ट धरली तर बरेचसे जुळते: १९६३ चा आकडा फुगवलेला होता. तो जरा खाली ओढला की अलीकडचा वेगही माणसात येतो आणि पलीकडचाही. १९५२ चा थोडा कमी पडला असणार हेही आलेच, कारण पट्टीच्या भीतीने लपलेले लोक त्यात नाहीत.

१९९१-२००६ मधला एक प्रकार तर फारच सुरेख आहे. कानो ५८ लाखांवरून ९४ लाख. लागोस ५७ लाखांवरून ९१ लाख. दोन्ही राज्ये जवळपास सारख्याच टक्क्याने वाढली! लागोसला देशभरातून माणूस पोटासाठी येतो. तरी वाढीचा वेग कानोहून किंचित कमीच?

---

इकेजाकर

@गणिती खविस, नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलेत. लागोसवाल्यांची तक्रार हीच. २००६ ला लागोस राज्य सरकारने समांतर मोजणी केली होती, त्यांचा स्वतःचा आकडा १ कोटी ७५ लाख. केंद्राने ९१ लाख जाहीर केले. कानो १ नंबर, लागोस २ नंबर. इथे टॅक्सीत बसून हा विषय काढा, इकेजा ते व्हिक्टोरिया आयलंड ट्रॅफिकमध्येही वेळ पुरत नाही.

---

जिरायती

एवढा कीस काढून उपयोग काय? २० असो की २३ कोटी, बॉम्ब तो बॉम्बच. शतकाअखेर ७०-८० कोटी होणार आणि सगळे बोटीत बसून युरोपला निघणार. आपल्यासारखी सक्ती नाही केली तर देश बुडणार.

---

गणिती खविस

जिरायतीभाऊ, ते ७०-८० कोटी आता जुने झाले. संयुक्त राष्ट्रांचा २१०० सालचा नायजेरियाचा अंदाज २०१२ ला ९१ कोटी होता. २०१९ ला ७३ कोटींवर आला. २०२२ ला ५५ च्या आत, २०२४ ला ४८ च्या आत. बारा वर्षांत अंदाज जवळपास निम्मा झाला. बॉम्ब असेल तर दर दोन वर्षांनी त्यातली दारू कमी होतेय.

आणि दाटीचे म्हणाल तर नायजेरियाचे क्षेत्रफळ ९ लाख २४ हजार चौ. किमी, बरोबर तीन महाराष्ट्र. महाराष्ट्रात २०११ लाच ११ कोटी २४ लाख माणसे होती. तीन महाराष्ट्रांत ३३-३४ कोटी मावतात, तिथे २३. दाटीने देश बुडत असता तर आपण आधी बुडालो असतो.

---

जिरायती

आपल्याकडे पाणी आहे, रस्ते आहेत, वीज आहे. नुसते चौरस किलोमीटर काय चाटायचेत?

---

गणिती खविस

हा मुद्दा मान्य. पण मग अडचण विजेची झाली, माणसांची नाही.

---

इकेजाकर

सक्तीबद्दल: १९८८ मध्ये लष्करी सरकारने 'बाईमागे चार मुले' असे धोरण आणले होते. सक्ती नव्हती, आवाहन होते. बायका चिडल्या, की मोजणी बाईमागे कशासाठी? चार बायका करणारा नवरा सोळा मुलांचा बाप होऊन मोकळा! धोरण कागदावरच राहिले.

---

सुईणमावशी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. लग्नानंतर काही वर्षे कानोत होते, तिथल्या एका खासगी रुग्णालयात काम केले. वाचून राहवले नाही.

आधी आकडे. २०१८ च्या आरोग्य पाहणीत देशाचा जननदर (बाईमागे सरासरी मुले) ५.३ होता, २०२३-२४ च्या पाहणीत ४.८. आपल्याकडे सत्तरच्या दशकात साधारण हीच पातळी होती. पण सरासरीत फसू नका. २०१८ ला उत्तरेतल्या कात्सिना राज्यात ७.३ आणि लागोसमध्ये ३.४. एकाच देशात, एकाच वर्षी. वायव्य विभाग ६.६, नैऋत्य ३.९.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाया पाचव्या-सहाव्या खेपेच्या असायच्या. पहिली खेप पंधरा-सोळाव्या वर्षी. त्यांना गोळ्या माहीत नव्हत्या असे मुळीच नाही. हवीच असायची मुले. घरात सवत असेल तर चढाओढ, कारण वारसाचा वाटा मुलांवरून पडतो आणि घरातले वजनही मुलांवरूनच. आणि सगळी जगतील याची खात्री कुठे होती? २०१८ च्या पाहणीत हजारातली १३२ मुले पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती. नव्या पाहणीत ११० वर आली आहेत. ज्या बाईने दोन पुरली आहेत तिला 'दोनच पुरे' सांगायला माझी जीभ रेटायची नाही.

दुसरी बाजू कुणी मोजत नाही ती बाळंतपणातल्या मृत्यूंची. २०२३ मध्ये जगभरात जेवढ्या बाया गरोदरपणात, बाळंतपणात गेल्या त्यांतल्या चारातली एकीपेक्षा जास्त एकट्या नायजेरियात गेल्या. ७५ हजार. वर्षाला तिथे ७५ लाखांच्या आसपास बाळे जन्मतात, अख्ख्या युरोपापेक्षा जास्त, म्हणजे शंभर बाळांमागे एक आई. रक्तस्राव, झटके, अडलेली बाळंतीण तीन तास मोटारसायकलवर बसवून आणलेली. लोकसंख्येच्या चर्चेत हे लोक फक्त 'वाढ' म्हणून येतात म्हणून लिहिले.

---

पावशेर

आता वाचले. मावशी, प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका चांगला आहे.

---

सरळ_बोलू

उत्तरेत जास्त मुले का, ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलायचे नाही. तो धर्मच

(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. धाग्याचा विषय सोडू नये. - संपादक मंडळ)

---

सुईणमावशी

संपादकांनी कापले तरी प्रश्न कळला (उत्तर बहुतेक मुसलमान, म्हणून का), आणि तो विचारायला माझी हरकत नाही. उत्तर आकड्यांतच आहे. नैऋत्येत योरुबा लोकांत मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच घरात सापडतात, आणि तिथले दर उत्तरेपेक्षा कितीतरी खाली आहेत. २०१८ च्याच पाहणीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईमागे ६.७ मुले, माध्यमिकच्या पुढे शिकलेलीमागे ३.४. बांगलादेश आणि इराण तर दोनाच्या आसपास येऊन बसलेत. उत्तरेत मुलगी शाळेतून लवकर निघते, लवकर बोहल्यावर चढते, आणि पुढचे सगळे तिथून सुरू होते. धर्माचे नाव घेऊन शाळा अडवणारे तिथे आहेत, हेही खरे. बोको हराम त्याच देशातले.

---

नदीपल्याड

अवांतर: योरुबा लोकांत जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे ना? ओयो राज्यातल्या इग्बो-ओराबद्दल वाचले होते, जुळ्यांचे गाव म्हणून.

---

इकेजाकर

हो. हजार बाळंतपणांत ४५-५० जुळी, असा अंदाज बऱ्याच ठिकाणी येतो. आमच्या गोदामात दोन ताइवो आणि एक केहिंदे आहेत. आधी आलेल्याचे नाव ताइवो, मागून आलेल्याचे केहिंदे, जुळ्यांनंतरच्या भावंडाचे इदोवू. मुलगा-मुलगी काहीही असो, नावे हीच. सुरतालचा (हिशेबनीस, मूळचा नांदेडचा) पगारपत्रकात दर महिन्याला घोळ होतो. गावचे लोक श्रेय सुरणासारख्या कंदाला आणि भेंडीच्या पानांच्या आमटीला देतात, शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

---

तळ्यात_मळ्यात

इकेजाकर, डोक्यांचा आणि पैशाचा संबंध नेमका कसा लागतो ते सांगाल का? आपल्याकडेही हेच येऊ घातलेय. १९७१ च्या आकड्यावर लोकसभेच्या जागा गोठवलेल्या, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. आता २०२७ ची जनगणना येतेय आणि दक्षिणेकडची राज्ये म्हणताहेत, आम्ही कुटुंब आटोक्यात ठेवले त्याची शिक्षा आम्हाला का. महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आलाय, त्यामुळे आपण तरी कुठल्या बाजूला उभे राहायचे हा प्रश्नच आहे.

---

इकेजाकर

सांगतो, जरा किचकट आहे.

तेलाचा आणि करांचा पैसा एका सामायिक खात्यात जमा होतो. त्यातून तेल निघणाऱ्या राज्यांना निदान १३ टक्के आधी काढून देतात. राहिलेल्यातले साधारण ५२.७ टक्के केंद्राला, २६.७ राज्यांना, २०.६ स्थानिक सरकारांना. राज्याराज्यांत वाटताना ४० टक्के सगळ्यांना सारखे, ३० टक्के लोकसंख्येवर, बाकीचे क्षेत्रफळ, शाळा-दवाखाने, स्वतःची वसुली यांवर.

म्हणजे लोकसंख्येचा थेट वाटा ३० टक्के. पण खरी मेख त्या 'सगळ्यांना सारखे' मध्ये आहे. स्थानिक सरकारे देशात ७७४. त्यांतली कानोत ४४, लागोसमध्ये २०. कानोतून १९९१ मध्ये जिगावा राज्य वेगळे काढले, त्याची आणखी २७. जुना कानो धरला तर ७१ विरुद्ध २०! दर महिन्याला ७१ वाटे एकीकडे, २० दुसरीकडे. लागोसने २००३ च्या सुमारास आपल्या अंगाने ३७ नवी केली, तर केंद्राने लागोसच्या स्थानिक सरकारांचा निधीच अडवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, राज्याने कायदा रीतसर केलाय, पण राष्ट्रीय संसदेने नोंद करेपर्यंत ही अर्धवटच. संसदेने नोंद आजवर केलेली नाही.

प्रतिनिधीगृहात मात्र कानोला २४ आणि लागोसला २४. सिनेटमध्ये तर प्रत्येक राज्याला तीनच. त्यामुळे नवी गणना झाली तर कोण किती हरेल-जिंकेल हे छातीठोक सांगता येत नाही. पण प्रत्येकाला वाटते की आपणच हरणार, आणि नेमकी त्यामुळेच कुणाला घाई नाही.

तुमच्या तुलनेत एक फरक आहे. आपल्याकडे भांडण आकड्याच्या परिणामावर आहे, आकड्यावर नाही. तामिळनाडू असे म्हणत नाही की उत्तर प्रदेशात माणसेच नाहीत. इथे म्हणतात. १९९१ आणि २००६ च्या फॉर्ममध्ये धर्म आणि जमात हे रकानेच वगळले होते, भांडण नको म्हणून. २०१३ मध्ये गणना आयोगाच्या अध्यक्षांनीच (फेस्टस ओदिमेग्वू) जाहीर सांगितले की १८१६ पासून या देशात विश्वासार्ह गणना झालेली नाही. कानोच्या राज्यपालांनी थयथयाट केला, काही आठवड्यांत ओदिमेग्वूंना खुर्ची सोडावी लागली.

---

शंकासुर

मग सरळच विचारतो. २३ कोटी ही लोणकढी थाप असू शकते ना? २०२३ च्या निवडणुकीत नोंदलेले मतदार ९ कोटी ३४ लाख आणि मते पडली अडीच कोटींच्या आत. राष्ट्रीय ओळख क्रमांक घेतलेले १२ कोटींच्या पुढे. उरलेले कुठे आहेत?

---

गणिती खविस

अर्धे लोक अठराच्या आतले आहेत हो. २३ कोटींतले साडेअकरा कोटी तर शाळकरी पोरे आणि तान्ही बाळे. त्यांना वगळले की ९ कोटी मतदार काही विसंगत वाटत नाहीत. मते अडीच कोटीच पडली यावरून माणसे नाहीत हे सिद्ध होत नाही, लोक मतदानाला कंटाळलेत एवढेच कळते.

---

इकेजाकर

धंद्याच्या बाजूने सांगतो. पोलिओच्या मोहिमेत उत्तरेतल्या राज्यांचे उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे केले, एकेक वस्ती, एकेक छप्पर. हाती काढलेल्या जुन्या नकाशांत नसलेल्या कितीतरी वाड्या त्यात सापडल्या. म्हणजे उत्तर रिकामी नाही. आता छपरे मोजून, मध्ये मध्ये प्रत्यक्ष घरे तपासून लोकसंख्येचा अंदाज काढतात, आणि मी मुंबईला पाठवतो ते आकडे हल्ली तिथूनच घेतो. गोळ्यांचा खप त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतो. पण छपरावरून खाली किती माणसे झोपतात ते दिसत नाही, आणि उत्तरेत पडद्यातल्या बायका मोजणीवाल्यासमोर येत नाहीत, घरधनी सांगेल तो आकडा. दक्षिणेत उलटा प्रकार: लागोसमधला इग्बो (आग्नेयेकडच्या जमातीचा) व्यापारी मोजणीच्या आठवड्यात बिऱ्हाड उचलून गावी जातो, आपल्या राज्याचे डोके वाढावे म्हणून. दोन्हीकडून आकडा वाकतो.

माझे वैयक्तिक मत: २३ कोटी नसतील, २० च्या खालीही नसतील.

---

जिरायती

मग मोजून टाका ना एकदाचे! टॅब्लेट आहेत, उपग्रह आहेत.

---

इकेजाकर

टॅब्लेट २०२३ लाच घेऊन झालेत. गावांच्या हद्दी आखून झाल्या, मोजणीवाल्यांचे प्रशिक्षणही सुरू झाले होते. निर्णय राष्ट्राध्यक्षांचा. आणि आजचे राष्ट्राध्यक्ष बोला तिनुबू म्हणजे २००६ ला लागोसचे राज्यपाल, ज्यांनी ती गणना अमान्य करून १ कोटी ७५ लाखांचा आकडा पुढे केला ते. आता उत्तरेच्या मतांशिवाय त्यांचेही चालत नाही. २०२५ मध्ये त्यांनी गणनेच्या खर्चाचा मेळ घालायला एक समिती नेमली. २०२७ ला निवडणूक आहे.

---

नदीपल्याड

शेजारच्या घानाचे काय? तिथेही हेच रडगाणे?

---

इकेजाकर

नाही. घानाने २०२१ मध्ये टॅब्लेटवर मोजले, ३ कोटी ८ लाख. त्यात आक्रा शहराच्या प्रदेशाने अशांती नावाच्या प्रदेशाला (मुख्य शहर कुमासी) मागे टाकले, कुमासीवाल्यांचा पहिला नंबर गेला. फरक किती? जेमतेम पंधरा हजार माणसांचा. कानो-लागोसमध्ये असे झाले असते तर काय झाले असते याची कल्पना करा. कुमासीत थोडी कुरकूर झाली असेल, पण मोठे काही झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तिथल्या आमच्या वितरकाने मला फोन करून फक्त एवढेच विचारले, की आता आक्राचे उद्दिष्ट वाढवणार का.

---

पावशेर

वाढवले का?

---

इकेजाकर

अर्थात. मुंबईने अशांतीचेही कमी केले नाही.